भाचीचा कॅमेरा आणि माझी स्टीलची पट्टी

भाचीने परवा मेसेज पाठवला. चादरीवर ठेवलेल्या एका चंदेरी कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा फोटो आणि खाली एक ओळ: "मावशी, घेऊ का? विकणारा म्हणतोय एकदम मस्त चालतो."

मी विचारलं, "चार्जर आहे का?"

बराच वेळ शांतता. मग, "विचारते."

दोन दिवसांनी ती दारात उभी, हातात कॅमेरा. विचारायचं राहून गेलं होतं, घेऊन मात्र झालं होतं. चार्जर होता, पण दुसऱ्याच कुठल्यातरी कॅमेऱ्याचा. "आठ दिवसांत परत घेईन म्हणालाय तो," ती म्हणाली. "तोवर तू सांग, पैसे वसूल आहेत की नाही."

हा प्रश्न तिने मला विचारण्याचं कारण आहे. मी तीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम केलं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, वजनकाटे. माणूस या कामात जरा विचित्र होतो, हे मला मान्य आहे. लोक घड्याळ बघून वेळ सांगतात, मी आधी घड्याळ किती पुढे आहे ते बघते. पण या कामाने एक गोष्ट अंगात मुरवली. बिनचूक उपकरण नसतंच. दर वेळी ०.०२ मिलिमीटर जास्त दाखवणारा मायक्रोमीटर मी आनंदाने वापरते, कारण त्याची खोड मला ठाऊक आहे, मी तेवढं वजा करते. आज जास्त, उद्या कमी दाखवणारा मात्र कितीही चकचकीत असो, बाजूला.

स्वस्त कॅमेऱ्याकडेही मी याच नजरेने बघते. तो चुकणार हे धरूनच चालायचं. प्रश्न एवढाच, की तो कुठे चुकतो हे आपल्याला कळतं का.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीनेक वर्षांपूर्वी मी स्वतः एक नवाकोरा कॅमेरा घेतला होता. नाव कोणी कधी ऐकलं नसेल असं, आणि मीही सांगणार नाही. डबीवर मोठ्या अक्षरांत ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, फ्लॅश, सगळं. किंमत इतकी कमी की मी विचारच केला नाही. हीच माझी चूक. स्वस्त वस्तू घेताना आपण पैशांचा विचार करतो, वस्तूचा करत नाही.

घरी आणून मी तो हातात फिरवला तेव्हाच पाल चुकचुकली. १६ पट झूम म्हणे, पण लेन्स जागची हलत नव्हती. झूमचं बटण दाबलं की पडद्यावरचं चित्र मोठं व्हायचं, आतून हूं की चूं नाही. म्हणजे हा नुसता डिजिटल झूम: मधला तुकडा कापायचा आणि फुगवायचा. ते तर फोटो काढल्यावर घरी बसूनही करता येतं. आणि फ्लॅश म्हणजे एक पांढरा एलईडी, टॉर्चसारखा.

मग मी माझी स्टीलची पट्टी काढली. मिलिमीटरच्या खुणांची, कामावरची. ती भिंतीला चिकटवली आणि कॅमेरा तिच्यापासून एक मीटरवर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. हिशेब सोपा आहे. एवढ्या अंतरावरून चौकटीत साधारण सव्वा मीटर रुंदीचं दृश्य येत होतं. ४८ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ८००० गुणिले ६००० पिक्सेल. सव्वा मीटरला ८००० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरच्या वाट्याला सहाहून जास्त. एक काळी रेघ आणि शेजारची पांढरी जागा वेगळी दिसायला सहा पिक्सेल भरपूर झाले. पट्टीवरची रेघ न् रेघ मोजता यायला हवी.

आली नाही. मिलिमीटरच्या खुणांच्या जागी करड्या रंगाचा एक सलग पट्टा होता, पाण्यात भिजलेल्या शाईसारखा. मग मेनूमध्ये जाऊन ८ मेगापिक्सेलवर फोटो घेतला. तोच पट्टा, तेवढाच करडा. फाइल कित्येक पटींनी लहान, दिसत होतं मात्र सारखंच. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, फार तर आठचा, बाकीचे चाळीस कॅमेऱ्याने मनाने भरलेले.

इथे थोडं थांबून कॅमेऱ्याची बाजूही मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. मनाने भरणं हा प्रकार सगळेच डिजिटल कॅमेरे करतात. सेन्सरवरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर हिरवी, लाल किंवा निळी गाळणी असते: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती, पेटंट १९७६ चं. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. महागातल्या महाग कॅमेऱ्यातही बहुधा हेच चालतं. पण तिथे दर पिक्सेलमागे निदान एक मोजलेला आकडा असतो. माझ्या त्या कॅमेऱ्यात सहापैकी पाच पिक्सेलांना उजेड कधी दिसलाच नव्हता. मोजून मग अंदाज करणं वेगळं आणि न मोजताच आकडा लिहून देणं वेगळं. आमच्याकडे दुसऱ्या प्रकाराला नोकरी जायची.

तो कॅमेरा आजही खणात आहे. कोणाला देववत नाही आणि टाकवतही नाही.

तर भाचीचा कॅमेरा. मी तो घेतला आणि आधी लेन्सभोवतीचं कडं वाचलं. जुन्या कॅमेऱ्याची लायकी बघायची तर हीच जागा. बॉडीवर ठळक छापलेले आकडे विकणाऱ्यांचे, लेन्सच्या कड्यावर बारीक कोरलेले बनवणाऱ्यांचे. तिथे होतं: ६.३ ते १८.९ मिलिमीटर, १:३.१ ते ५.९. पहिली जोडी झूमची, दुसरी उजेड आत घेणाऱ्या भोकाची, म्हणजे अपर्चरची. म्हणजे खरा तीन पट झूम, लेन्स बाहेर येणारा. सेन्सर १/२.३ इंची, म्हणून झूमच्या त्या मिलिमीटरांना ५.६ ने गुणलं की जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात ३५ ते १०६ मिलिमीटर. फार रुंद नाही, फार लांब नाही. घरातल्या माणसांचे फोटो काढायला बरा.

या '१/२.३ इंच'वर माझा जुना राग आहे. इंचाला २.३ ने भागलं तर ११ मिलिमीटर येतात. सेन्सरचा कर्ण मात्र जेमतेम ७.७ मिलिमीटर. हे माप सेन्सरचं नाहीच. टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेली ही नावं. नळ्या गेल्या, नावं राहिली. खरं माप साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४. तीस पट मोठा.

एवढ्याशा जागेत भाचीच्या कॅमेऱ्याचे एक कोटी पिक्सेल बसवलेले. एकेकाची बाजू १.७ मायक्रॉनच्या आसपास, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता प्रकाशाची अडचण अशी, की लेन्स कितीही चांगली असली तरी ती बिंदूचा बिंदू करू शकत नाही, बारीकशी चकती करते, आणि अपर्चर लहान झालं की ती चकती पसरते. पूर्ण झूमवर, एफ/५.९ ला, ही चकती सुमारे ८ मायक्रॉनची होते. जवळजवळ पाच पिक्सेल रुंद! याच सेन्सरवर वीस मेगापिक्सेल कोंबले असते तर ती चकती जास्त तुकड्यांत मोजली गेली असती, एवढंच. म्हणून भाची "दहाच मेगापिक्सेल आहेत गं" म्हणून ओशाळली तेव्हा मी म्हटलं, दहा पुरे झाले, सात असते तरी चाललं असतं. सहा बाय चारच्या छापील फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२०० पिक्सेल लागतात. बावीस लाखसुद्धा नाहीत.

अंधारात मात्र लहान सेन्सर मार खातो, आणि तिथे इलाज नाही. उजेड कणाकणाने येतो आणि त्याची मोजणी करताना चूक होते ती मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर चूक शंभराची, म्हणजे १ टक्का. शंभरच पडले तर चूक दहाची, म्हणजे १० टक्के. संध्याकाळच्या फोटोत दिसणारी रंगीत रवाळ घाण ती हीच. आजचा फोन एकावर एक असे अनेक फोटो झपाझप काढून त्यांची सरासरी काढतो आणि ही चूक दाबतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला ते सुचत नाही. रात्री, फ्लॅशशिवाय, फोन जिंकतो. यावर वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पण तपासणी सुरू व्हायला आधी कॅमेरा चालू व्हायला हवा ना! आतली बॅटरी फुगलेली होती, खाचेतून निघता निघेना. फुगलेली लिथियम बॅटरी मी चार्ज करू दिली नाही. भाचीचं तोंड उतरलं. दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणि योग्य चार्जर मागवला, दोन्ही मिळून कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीचे झाले. मग तिने ६४ जीबीचं कार्ड घातलं. कॅमेऱ्याने नकार दिला. २००९ च्या आसपासचा हा कॅमेरा, त्याला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड कळतं, त्यापुढचं एसडीएक्ससी कळत नाही. त्याहूनही जुने कॅमेरे तर २ जीबीच्या साध्या एसडी कार्डापुढे जातच नाहीत. आणि एक्सडी किंवा मेमरी स्टिक घेणारे जे आहेत, त्यांचं कार्ड शोधायलाच वेगळी तपश्चर्या लागते. माझ्याकडे २ जीबीचं जुनं कार्ड होतं, ते घातलं. त्यात पाचशेच्या वर फोटो मावतात. पुरे की.

स्वस्त कॅमेऱ्याची किंमत विचारताना कॅमेरा चालू करण्याची किंमत कोणी धरत नाही. म्हणूनच मला पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे आवडतात. दोन सेल घातले की काम सुरू. फक्त ते साधे अल्कलाइन सेल नकोत. कॅमेरा एका दमात खूप करंट खेचतो, अल्कलाइन सेलचा व्होल्टेज तेवढ्यापुरता कोसळतो आणि सेलमध्ये जीव असूनही कॅमेरा मान टाकतो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल लिहिलेले असतात १.२ व्होल्टचे, अल्कलाइनहून कमी, पण ओढ लागली तरी ते तिथेच टिकून राहतात. कित्येक चांगले कॅमेरे नुसते चुकीचे सेल घातल्यामुळे बिघडलेले म्हणून विकले गेले असतील, आणि मी त्यातला एक घेतलेला आहे. त्याची गोष्ट पुढे.

कॅमेरा सुरू झाला. तारीख: १ जानेवारी २००९. आतला छोटा घड्याळाचा सेल मेलेला, बॅटरी काढली की काळ मागे. याला मी दोष धरत नाही.

मग लेन्स वीस वेळा आत-बाहेर केली, डोळे मिटून, कान देऊन. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये पहिल्यांदा मरतं ते हे. आत प्लास्टिकची इवलीशी दातेरी चाकं असतात, वाळूचा एक कण गेला तरी लेन्स अर्ध्यात अडकते आणि कॅमेरा चूक दाखवून बंद पडतो. दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याएवढा. माझा पहिला कॉम्पॅक्ट समुद्रकिनाऱ्यावर असाच गेला. तेव्हा मी, उपकरणं खोलण्याचा तीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, ऐटीत स्क्रू काढायला बसले. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते तिथेच बसून राहतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी कोपरापर्यंत माहीत झालं. कृपा करून कोणी खोलू नका.

हिची लेन्स एका सुरात गेली, एका सुरात आली.

भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान सपाट चिकटवलं, समोर कॅमेरा सरळ ठेवून टायमरवर फोटो घेतला आणि चारही कोपरे मोठे करून वाचले. तीन कोपरे वाचता आले. वरचा डावा पुसट. आतली एखादी काच किंचित वाकडी बसलेली, कधीतरी पडला असणार. झूमवर हा दोष जवळजवळ दिसेनासा होत होता. "म्हणजे खराब?" भाचीने विचारलं. "नाही," मी म्हटलं, "वरच्या डाव्या कोपऱ्यात कोणाला उभं करू नकोस म्हणजे झालं." पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर फोटो घेतला, धुळीचा डाग नाही. असता तर बसला असता जन्मभर, कारण ही लेन्स निघत नाही आणि आत फुंकरही मारता येत नाही.

मग शटर. फोनवर स्टॉपवॉच लावलं, कॅमेरा त्यावर रोखला आणि बरोबर पाचव्या सेकंदाला बटण दाबायचं. फोटोत जो आकडा येईल त्यातून पाच वजा. दहा वेळा केलं. एकदम दाबलं तर सरासरी सहा दशांश सेकंद उशीर. बटण आधी अर्धं दाबून फोकस लावून घेतला आणि मग उरलेलं दाबलं, तर एक दशांश. माझा अंगठा एखाद्या शतांशाने चुकला असेल, पण फरक तेवढ्याने जात नाही. सहा दशांश सेकंदात लहान मूल चौकटीबाहेर जातं आणि हसणारा माणूस हसायचा थांबतो. लोक जुन्या कॅमेऱ्यांना कंटाळले ते मेगापिक्सेल कमी म्हणून नाही, याच्यामुळे, असं माझं मत आहे. अर्धं बटण दाबायची सवय लागली की निम्मा राग निवळतो. भाचीला अर्धं बटण असतं हेच माहीत नव्हतं. फोनला ते नसतं ना.

मध्येच ती किंचाळली. पडद्यावर दिव्यातून निघून वरपासून खालपर्यंत गेलेली जांभळी रेघ! मला उलट आनंद झाला. सेन्सर सीसीडी, म्हणजे जुन्या जातीचा, असल्याची ती खूण. दिवा फार प्रखर असला की विद्युतभार सेन्सरवरून ओळीने बाहेर काढताना दिव्याचा उजेड त्यात सांडतो. फोटो घेताना यांत्रिक शटर मध्ये येऊन उजेड अडवतं, म्हणून फोटोत ती रेघ येत नाही. व्हिडिओत येते.

तर सीसीडी. याच्यासाठीच भाचीने हा कॅमेरा घेतला होता. "सीसीडीचे रंग वेगळेच असतात गं, फिल्मसारखे." विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सीसीडीची कल्पना मांडली, २००९ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. तोवर बाजार सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरकडे झुकायलाही लागला होता. मात्र सीसीडी असो की सीमॉस, मोजतात दोघंही उजेडच. रंग ठरतो तो वरच्या गाळणीने, व्हाइट बॅलन्सने आणि जेपेग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने. माझ्याकडे दोन्ही जातीचे कॅमेरे आहेत. मी दिवसाउजेडी एकाच जागेचे पाच जोड फोटो काढून तिला नाव न सांगता पाठवले, कुठला कुठला ते ओळख म्हटलं. तीन बरोबर, दोन चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

ती जरा हिरमुसली, म्हणून मी तिला आवडलेले फोटो दाखव म्हटलं. तिच्या फोनमध्ये असे कोणाकोणाचे तीसेक साठवलेले होते. मी एकेक बघत गेले आणि हसू आलं. त्यातल्या बहुतेक सगळ्यांत फ्लॅश होता! उजळ चेहरे, मागे काळोख, डोळ्यांत ठिणगी, केसांच्या कडा कापून काढल्यासारख्या. तिला आवडत होता तो झेनॉन फ्लॅश. खरा, नळीचा, लेन्सच्या अगदी शेजारी बसवलेला. माणूस एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल तर भिंतीला माणसाच्या एक नवमांश उजेड मिळतो, म्हणून मागे काळोख. आणि तो लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, म्हणून सगळं थिजल्यासारखं. आम्ही खोलीत अंधार करून चालू पंख्याचा फोटो काढला. पाती जागच्या जागी उभी, कडा धारदार. फोनच्या एलईडीने काढला तर गोल धुकं. त्या एका फोटोने तिला पटलं ते माझ्या वर्गमुळांनी पटलं नव्हतं.

म्हणजे तिच्या कामाची गोष्ट त्या कॅमेऱ्यात होती, फक्त तिला तिचं नाव माहीत नव्हतं. आणि ती गोष्ट सीसीडी शब्द नसलेल्या, म्हणून स्वस्त मिळणाऱ्या कॅमेऱ्यांतही आहे. घाई करायचं काही कारण नव्हतं. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे, सीपाचे, आकडे आहेत: २०१० या एका वर्षात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये सगळे मिळून ८० लाखांच्याही खाली. ते १२ कोटी कुठे गेले असतील? खणांत. फुगलेल्या बॅटऱ्यांसकट.

माझा रोजचा कॅमेरा त्यातलाच. सात मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, सेलच्या झाकणाची कडी तुटलेली, म्हणून भोवती रबर बँड. बंद पडलेला म्हणून मला जवळजवळ फुकट मिळाला. नीट सेल घातल्यावर उठून बसला. गेल्या वर्षी त्यावर नऊशेच्या आसपास फोटो काढले आणि वर्षअखेरीला चाळून एकशे एकतीस ठेवले. एका रविवारी मी त्या एकशे एकतीसांपुढे बसले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हा फोनने काढला असता का? 'निघाला असता का' हे नव्हे. तसे बहुतेक निघाले असते, काही जास्तच चांगले. पण काढला असता का? पावसात छत्रीबाहेर हात काढून घेतलेले, शिडीवर चढून पाण्याच्या टाकीत डोकावून घेतलेले, चार वर्षांच्या मुलाच्या हातात कॅमेरा दिला तेव्हा त्याने गुडघ्याच्या उंचीवरून घेतलेले. फोन तिथे मी नेला नसता, दिला नसता. असे सत्तेचाळीस निघाले. कॅमेऱ्याच्या किमतीला मी सत्तेचाळीसने भागते, एकशे एकतीसने नाही आणि नऊशेने तर नाहीच. पडला तर पडला, ही मुभा कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. कॅमेरा महाग झाला की ती आधी जाते.

त्या पुसट कोपऱ्याचा, सहा दशांशाचा आणि एक नवमांशाचा विचार करून मी भाचीला तोंडी उत्तर दिलं नाही. कामावर द्यायचो तसा दाखला लिहून दिला. उपकरण: कॉम्पॅक्ट कॅमेरा, वापरलेला. त्रुटी: वरचा डावा कोपरा मऊ, घड्याळ भ्रमिष्ट, मूळ बॅटरी बाद. मर्यादा: फ्लॅशचा हात तीन मीटरपर्यंत, झूम केल्यास त्याच्या निम्मा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० च्या वर नेऊ नये. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करावा आणि विसरून जावा. शेरा: त्रुटी स्थिर आहेत, वापरास योग्य. दिलेली किंमत जास्त आहे, पण परत करू नये. खाली सही, तारीख.

"किंमत जास्त आहे पण परत करू नये, याचा अर्थ काय?" तिने विचारलं.

"विकणाऱ्याने सीसीडी शब्दाचे पैसे लावलेत. ते गेले. पण आता याची प्रत्येक खोड तुला माहीत आहे. दुसरा घेतलास तर परत पहिल्यापासून."

ती दाखला घडी घालून ठेवत होती, मी पट्टी पुसून म्यानात घालत होते. तेवढ्यात "मावशी, इकडे बघ" आणि डोळ्यांसमोर वीज. मी अर्थातच डोळे मिटलेले. "परत काढ, परत काढ," म्हणेपर्यंत फ्लॅशचा केशरी दिवा लुकलुकत राहिला, कपॅसिटर भरायला वेळ लागतो, आणि तो भरेतोवर मी तोंड फिरवलं होतं. तिने बघितला आणि म्हणाली, हाच ठेवणार. तारीख १ जानेवारी २००९.

मी तो मोठा करून पाहिला. चेहरा जाऊ द्या. हातातल्या पट्टीवर मिलिमीटरची रेघ न् रेघ मोजता येते.